घाटाखालचे गाव आणि जमिनीवरचे नाव

खेड्यातल्या शेतकऱ्याला जमीन किती, असे विचारले तर तो चटकन एकरांचा आकडा सांगतो. ती कोणाच्या नावावर आहे, असे विचारले म्हणजे मात्र तो थोडा अडखळतो. आजोबांच्या नावावर आहे, थोरल्या चुलत्याच्या नावावर आहे, वाटणी झाली पण कागद झाला नाही, अशी उत्तरे येतात. शेत एकाचे, नाव दुसऱ्याचे आणि घाम तिसऱ्याचा, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत आहे. ही रीत कशी पडली आणि तिच्यामुळे गावातल्या कोणत्या माणसाला कोणती आशा धरता आली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. सगळ्या महाराष्ट्राचा पसारा एका बैठकीत मांडणे शक्य नाही, म्हणून आम्ही अजिंठ्याच्या डोंगराखालचा सोयगावचा टापू समोर ठेवणार आहोत.

हा टापू निवडण्याचे कारण त्याच्या जागेतच आहे. सोयगाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडते. पण जिल्ह्याचा बहुतेक भाग पठारावर आहे आणि सोयगाव घाटाखाली. पठारावरचे पाणी गोदावरीला जाते. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळचा हळद्या घाट उतरला की ओढे-नद्या उत्तरेकडे वळतात आणि तापीच्या खोऱ्याला मिळतात. ज्या वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तीही तापीचीच. येथली बोली खानदेशी वळणाची, कपाशीचे रान खानदेशासारखे, बाजाराची ओढ शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे. राज्य मात्र १९४८ पर्यंत निजामाचे होते. काही कोसांवर इंग्रजी अंमल होता. माती तीच, पाऊस तोच, सोयरीकही सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना. कायदा तेवढा वेगळा. जमिनीचे भवितव्य मातीने किती ठरते आणि लिखापढीने किती, हे पाहण्यास यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

प्रारंभ मलिक अंबरापासून केला पाहिजे. १६२६ साली मरण पावलेला हा निजामशाहीचा कर्ता वजीर गनिमी काव्यासाठी सर्वांना माहीत आहे. त्याची जमीनबंदी तितकीच महत्त्वाची होती. महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली, पिकाच्या अंदाजावर धारा बांधला आणि गावकऱ्यांचा जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क मानला. त्याच्यामागून सतराव्या शतकाच्या मध्यास मुघलांचा दिवाण मुर्शिद कुली खान याने दख्खनमध्ये मोजणी व प्रतवारीवर आधारलेली व्यवस्था बसवली. राज्ये बदलली, तरी या दोघांनी घालून दिलेली चौकट पुढे दीर्घकाळ टिकली.

त्या चौकटीत गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळीत ज्याचे थळ, त्याचे पांढरीत घर. अशा माणसाला थळकरी किंवा मिरासदार म्हणत. त्याची जमीन मुलाला जाई. गोताच्या संमतीने ती विकताही येई. दुष्काळाने परागंदा झाला तरी बऱ्याच वर्षांनी परत येऊन तो आपली मिरास मागू शके. दुसरा शेतकरी तो उपरी. तो कौलाने जमीन करी, सारा कित्येकदा मिरासदारापेक्षा कमी भरी, पण गावाच्या बैठकीत त्याला जागा नसे. ज्या घराण्याचा वंश बुडाला त्याची जमीन ‘गतकुळी’ म्हणून लिहिली जाई आणि ती बहुधा उपऱ्याच्या वाट्याला येई. पाटील-कुलकर्ण्यांना वतनाच्या इनाम जमिनी होत्या. महारांना गावकीच्या अहोरात्र सेवेबद्दल हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुते मिळे. म्हणजे जमीन सर्वांशी या ना त्या नात्याने बांधलेली होती, पण ती नाती समान नव्हती. मिरासदाराचा मुलगा मिरासदार होई. उपऱ्याचा मुलगा तीन पिढ्या त्याच शेतात राबला तरी उपरीच राही. आणि हाडोळा हा मालकीपेक्षा चाकरीचाच पुरावा असे.

ही रचना केवळ आपलीच होती असे समजू नये. समुद्रापार जावा बेटावरच्या खेड्यातही हाच प्रकार आढळतो. तेथे गावाला ‘देसा’ म्हणतात. शब्द आपल्याच संस्कृतातून गेलेला. जुन्या जावानी गावात ‘सिकप’ नावाचे मूळ शेतकरी असत. जमीन त्यांची, वेठ आणि सारा यांची जबाबदारीही त्यांचीच. त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या भूमिहीनांना ‘नुम्पांग’ म्हणत. अर्थ, दुसऱ्याकडे उतरलेला. आपला उपरी तो हाच. गावच्या मुखियाला पगाराऐवजी ‘बेंकोक’ नावाची जमीन मिळे. ती आपल्या पाटलाच्या इनामाची सख्खी बहीण शोभते. १८११ ते १८१६ या काळात जावा इंग्रजांच्या ताब्यात होते, तेव्हा स्टॅम्फर्ड रॅफल्स याने तेथे हिंदुस्थानातील रयतवारीच्या धर्तीवर जमीनधारा बसवण्याचा प्रयत्न केला. नंतर डचांनी १८३० पासून गावाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर ऊस, नीळ यांसारखी निर्यातीची पिके सक्तीने लावून घेतली. वेठीचा बोजा वाटला जावा म्हणून पुष्कळ गावांत जमिनीचेही वाटे पाडले गेले. तेथे सरकारला पीक हवे होते, येथे रोकड. दोन्हीकडे गावाच्या आतल्या नात्यांवर सरकारी कागदाची छाया पडली ती एकाच शतकात.

आता निजामाच्या राज्यात परत येऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे अर्धे शतक तेथे मक्त्याने वसुली चाले. जो जास्त रक्कम कबूल करी त्याला तालुका मिळे. तो आपले पैसे रयतेकडून काढी. दिवाणाच्या कर्जापोटी कित्येक तालुके सावकार व अरब जमादार यांच्याकडे गहाण पडले होते. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी मक्ते मोडले, १८६५ साली जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमले आणि १८७५ नंतर शेजारच्या मुंबई इलाख्याच्या नमुन्यावर जमिनीची मोजणी व बंदोबस्त सुरू केला. शेताला क्रमांक पडला, प्रत ठरली, आकार ठरला आणि त्यापुढे पट्टेदाराचे नाव लिहिले गेले. १३१७ फसली म्हणजे १९०७-०८ च्या जमीन महसूल कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. घरातील जुने कागद ज्यांना वाचायचे असतील त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो.

या सुधारणेचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. मक्तेदाराच्या लहरीपेक्षा ठरलेला आकार केव्हाही बरा. परंतु तिच्याबरोबर एक नवी गोष्ट गावात शिरली. पूर्वी सावकाराची नजर पिकावर असे, कारण थळ गोताला विचारल्याशिवाय सहज हलत नसे. आता शेत क्रमांकाने ओळखले जाऊ लागले, एका नावाचे झाले, गहाण टाकण्याजोगे आणि विकण्याजोगे झाले. सावकाराची नजर मातीवर गेली. सारा रोख भरायचा, तोही हप्त्याच्या दिवशी. पीक मात्र आपल्या वेळेला येणार. मधले अंतर कर्जाने भरून निघे. इंग्रजी मुलखात याच कारणाने १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, सावकारांचे रोखे जाळले गेले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. निजामी मुलखात जमिनीचे हस्तांतर रोखणारा कायदा येण्यास विसाव्या शतकाचा चौथा दशक उजाडला. तोपर्यंत मधल्या दोन पिढ्यांचे व्हायचे ते होऊन गेले होते.

घाटाखालच्या गावाचा हा काळ विशेष चमत्कारिक गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचे भाव चढले. त्याच दशकात खानदेशातून आगगाडी गेली आणि पाचोऱ्याचे स्टेशन या टापूला जवळचे झाले. खुद्द औरंगाबादला रेल्वे पोहोचली ती १९०० च्या सुमारास. म्हणजे कपाशीची गाडी आपल्या जिल्ह्याच्या ठाण्याकडे घाट चढून नेण्यापेक्षा परमुलखात उतरवणे सोपे. पण वाटेत करोडगिरीचा नाका. तिकडे माल विकला की हाती कलदार रुपये येत. इकडे हिशेब हाली शिक्क्याचा. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. या हिशेबात ज्याला अक्षर येत नाही तो कोठे कोठे नागवला जात असेल, याची कल्पना करता येते. नगदी पिकाने पैसा आणला हे खरे. तो साठवण्याची विद्या मात्र ज्याच्याकडे वही होती त्याच्याजवळ होती.

त्यात दुष्काळ. १८७६-७७ चा आणि त्याहून घोर असा १८९९-१९०० चा; विक्रम संवताच्या आकड्यावरून लोक दुसऱ्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. जनावरे गेली, माणसे परागंदा झाली. जुन्या काळी परत येणारा मिरासदार आपले थळ मागू शकत होता. नव्या व्यवस्थेत सारा थकला की पट्टा जाई, लिलाव होई आणि परत आलेल्या माणसाला आपल्याच शेतात मजूर किंवा कूळ म्हणून उभे राहावे लागे. हैदराबाद राज्यात १९२९-३० साली एस. केशव अय्यंगार यांनी खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि १९३७ साली भरुचा यांनी शेतकी कर्जबाजारीपणावर अहवाल दिला. दुष्काळानंतरच्या पिढीत हा प्रश्न इतका वाढला होता की सरकारलाच त्याची चौकशी करणे भाग पडले, हे त्यावरून उघड होते.

हे झाले दिवाणी, म्हणजे खालसा मुलखाचे. हैदराबाद राज्यात असा मुलूख साठ टक्क्यांच्या आसपास होता. उरलेल्यापैकी सुमारे दहा टक्के निजामाची खासगी ‘सर्फ-ए-खास’ आणि तीस टक्के जागिरी. आपल्या टापूला लागून असलेले अजिंठा हे सालारजंग घराण्याच्या जागिरीत होते. ज्या घराण्यातल्या दिवाणाने राज्यभर मोजणी सुरू केली, त्याच घराण्याची ही जागीर. बऱ्याच जागिरींत मोजणी उशिरा पोहोचली किंवा पोहोचलीच नाही; तेथे रयतेची सनद म्हणजे जागीरदाराच्या कारकुनाची वही. पट्ट्याखाली पुन्हा एक थर होता. पट्टेदार नावाचा धनी, शिकमीदार त्याच्याखालचा हिस्सेदार, आणि आसामी शिकमी म्हणजे प्रत्यक्ष कसणारे कूळ. कुळाला पहिले थोडेसे कायदेशीर संरक्षण मिळाले ते १३५४ फसलीत, म्हणजे १९४४-४५ साली. आणि तेही कागदावर.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात राजकीय स्वातंत्र्याइतकीच जमिनीची आशा होती, हे विसरून चालणार नाही. ती आशा पुरी करण्याची पावले त्वरेने पडलीही. १९४९ च्या आरंभी सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला जागिरी नष्ट करणारा हुकूम निघाला. १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ज्यांनी ठरावीक वर्षे सलग जमीन कसली त्यांना ‘संरक्षित कूळ’ म्हटले गेले आणि ती जमीन विकत घेण्याचा हक्क त्यांना मिळाला. १९५४-५५ साली खासरा पाहणी झाली. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादांत आजही जुन्या पुराव्यासाठी त्या खासऱ्याचाच उतारा काढला जातो, एवढे तिचे महत्त्व. ज्याचे नाव त्या वर्षी लिहिले गेले त्याच्या नातवंडांचे पाय टेकले. ज्याचे राहिले त्याची नातवंडे अजून कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

हा कायदा प्रत्यक्षात कसा उतरला, याची तपासणी अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुसरो यांनी केली आणि ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी चार वर्षांनंतर सुमारे पंचेचाळीसच कुळे आपल्या हक्कानिशी टिकून होती. बाराजण जमीन विकत घेऊन मालक झाले होते. बाविसांच्या आसपास बेकायदा हुसकले गेले होते आणि सतरा-अठरा जणांनी ‘खुशीने’ जमीन सोडली होती. कायद्याच्या मार्गाने निघालेले दोन-तीनच. ही खुशी कशी असते हे खेड्याची ओळख असलेल्यांना सांगावयास नको. ज्याच्या घरून पेरणीला बी आणायचे, ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचे आणि मुलीच्या लग्नाला ज्याच्यापुढे पदर पसरायचा, त्याच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे गाव सोडण्याची तयारी ठेवणे. कायदा तहसिलीत होता आणि कूळ गावात. पटवारी गावातलाच, पण तो बहुधा पट्टेदाराच्या ओसरीवर बसे.

मग ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांनी वेगळा मार्ग धरला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाडा व खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि १९६४ साली तो देशव्यापी झाला. मागणी साधी होती: पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. मराठवाड्यात गावोगाव दलित कुटुंबांनी गायरानात नांगर घातले. त्यापैकी ठरावीक मुदतीतील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. सत्याग्रहापासून शासननिर्णयापर्यंत बत्तीस वर्षे! एवढ्या काळात नांगर धरणाऱ्याचा मुलगा बाप होतो. नाव लागण्याला एक पूर्ण पिढी लागली आणि तरीही सर्वांचे लागले नाही.

पट्टेदार कुटुंबांचे भवितव्य तरी निर्वेध राहिले का? येथे वाटणीचा प्रश्न येतो. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मोठ्या धारणेला वरून मर्यादा घातली. धारणा खालून झिजत होती ती वारसांच्या संख्येने. महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली. पंचेचाळीस वर्षांत तिचा तिसरा हिस्साही राहिला नाही. कोरडवाहू कपाशीच्या टापूत सव्वातीन-साडेतीन एकरांवर एका कुटुंबाने जगायचे, मुले शिकवायची आणि विहीर खणायची, असा हा हिशेब आहे. म्हणून वाटणी लांबवली जाते. थोरल्या भावाचे नाव ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या तीन अक्षरांनिशी उताऱ्यावर लागते आणि धाकट्यांची नावे मनात राहतात. भाऊ असेपर्यंत ठीक चालते. पुढच्या पिढीत ती तीन अक्षरे कोणी तरी वगळतो, आणि मग चुलतभाऊ दिवाणी न्यायालयात भेटतात. १९६६ च्या महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदारासमोर वाटणी करून घेता येते; पण ज्या घरात अजून बोलणे सुरू आहे, त्या घरात वाटणीचा शब्द काढणे अशुभ मानतात आणि बोलणे बंद झाले की समजुतीने वाटणी होत नाही. २०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. मोहिमेचे नावच परिस्थितीवर पुरेसे भाष्य करते. गावची जमीन जिवंत माणसे कसत होती आणि कागदावर तिचे धनी वारलेले होते.

आणि या सगळ्या वारसांत एक वारस जवळजवळ अदृश्य राहिला. तो म्हणजे मुलगी. मिरासदारापासून पट्टेदारापर्यंत आम्ही जी नावे घेतली ती पुरुषांची होती. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी यांत निम्म्याहून अधिक हात बायकांचे. पण नाव लिहिताना लेखणी मुलाकडे वळे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार केले. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क सर्व मुलींना मिळाला, आणि त्यासाठी २००५ साली बाप हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायद्याची वाट अशी सरळ होत गेली. गावात मात्र वारसनोंदीच्या दिवशी बहिणीचे नाव कित्येकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात जाते आणि काही दिवसांनी हक्कसोडपत्रावर तिची सही होते. भाऊबीज तुटू नये म्हणून ती सही करते. तिने मागितले तर ती लोभी, न मागितले तर ती गुणी. हेच कुळाच्या ‘खुशीने सोडलेल्या’ जमिनीचे दुसरे रूप नव्हे काय?

येथे पुन्हा जावाची आठवण होते. त्या बेटावर जमीन आपल्यापेक्षाही कमी आहे. कित्येक कुटुंबांना अर्धा हेक्टरही नाही. तरी तेथील जुन्या रिवाजात मुलीचा वाटा कधी बुडवला गेला नाही. कोठे मुलाइतका, कोठे त्याच्या निम्मा, पण वाटा आहेच. मुलीला दिल्याने शेत तुटते, हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप. शेत चार मुलांत वाटल्यानेही तुटतेच. त्या तुटण्याला मात्र आपण वंशविस्तार म्हणतो. आपल्याकडेही वेगळा विचार झाला नाही असे नाही. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभी केली. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यावी, असे ते आवाहन होते, आणि अनेक गावांनी ते मनावर घेतले. १९९२ साली शासनाने पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून उताऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना काढली. खर्च नाही, वाटणी नाही, केवळ एक अर्ज. इतके सोपे असूनही ज्या घरांनी तो केला ती घरे थोडी. अडचण शुल्काची नव्हती हे त्यावरून सिद्ध होते.

शेवटी आपल्या आजच्या श्रोतृवृंदाशी संबंध असलेली गोष्ट. गेल्या दोन पिढ्यांत खेड्यातून शहरात आलेल्या पुष्कळ कुटुंबांची जमीन गावी आहे. ती भावकीतला किंवा शेजारचा कोणी बटाईने करतो. निम्मे तुझे, निम्मे माझे. जावात या पद्धतीला ‘मारो’ म्हणतात. त्याचा अर्थही दोन भाग करणे असाच आहे. आपल्याकडे हा करार तोंडी असतो, कारण कुळकायद्याची भीती मालकाच्या मनातून अजून गेलेली नाही. परिणाम असा की पीककर्ज मालकाच्या नावावर, अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यात, पीकविमा काढायचा तर नोंदणी केलेला करार हवा आणि तो करून देणारा मालक विरळा. गारपीट झाली की नुकसान कसणाऱ्याचे आणि पंचनामा धन्याचा. १९५१ चे संरक्षित कूळ निदान एका यादीत तरी होते. आजचा बटाईदार कोणत्याच यादीत नाही. तो नव्या काळातला उपरी आहे.

चारशे वर्षांचा हा प्रवास पाहिल्यावर आमच्या मनात एक निष्कर्ष पक्का होतो. सोयगावच्या टापूत जमिनीवर जुलूम झाला तो तलवारीने थोडा आणि लेखणीने अधिक. मलिक अंबर, सालारजंग, १९५० चा कूळकायदा, २००५ ची दुरुस्ती, या प्रत्येकाने लेखणीत थोडी न्यायबुद्धी घातली. ती कागदावर उतरताना गावातला जो माणूस जवळ उभा होता त्याचे नाव लागले आणि जो दूर होता, ज्याला अक्षर नव्हते, ज्याला नाते तुटण्याची भीती होती, त्याचे राहून गेले. कायदे पुढेही होतील. परंतु बहिणीचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातून मालकीच्या रकान्यात आणण्यास आता नवा कायदा लागत नाही. पत्नीचे नाव लावण्यास लागत नाही. बटाईदाराशी नोंदणी केलेला लेखी करार करून त्याला विम्याचा आधार देण्यासही लागत नाही. यांतली पहिली दोन कामे तलाठ्याच्या, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्या, सजेपर्यंत एक हेलपाटा घातला की सुरू होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण गावी जातो, आंबे खातो, कुलदैवताला नमस्कार करतो. यंदा जाल तेव्हा एक उतारा काढून आणा आणि त्यावर कोणाचे नाव नाही ते वाचा.